बावीस नंबरचा कप्पा

६ जानेवारी, शनिवार

आजच्या आइस हॉकीच्या सामन्यात जे झालं, ते क्रमाने:

१. दुसऱ्या सत्रात बोयचुक पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, आणायला आमच्या गोलामागच्या डाव्या कोपऱ्यात गेला.

२. पाहुण्या संघाच्या चौदा नंबरने त्याला मागून धडक दिली.

३. बोयचुकचं डोकं कठड्यावर आपटलं. हेल्मेट डाव्या कानावर तडकलं.

४. तो थोडा वेळ बर्फावर पडून राहिला. मग उठला आणि पाहुण्या संघाच्या बाकाकडे निघाला. आमचा गोलकीपर मार्तेल जाळी सोडून आला आणि त्याने बोयचुकला दंडाला धरून आमच्या बाकाकडे वळवलं.

५. फिजिओ कर्बीने त्याला आत नेऊन तपासलं आणि परत बाहेर पाठवलं.

६. तिसऱ्या सत्रात बोयचुकने गोल केला. आम्ही जिंकलो.

७. हेल्मेट मी बदलून दिलं. तडकलेलं माझ्याकडे आहे.

धातुशास्त्राच्या पदविकेला आम्हाला शिकवलं होतं की वस्तू तुटली की आधी काय झालं ते लिहायचं आणि मत नंतर बनवायचं. मत अजून बनवलेलं नाही. संघाचं सामान माझ्या ताब्यात असतं. स्केटच्या पात्यांना धार लावणं, काठ्या, हेल्मेटं, धुणं ही माझी कामं. माणसं कर्बीच्या ताब्यात असतात.

८ जानेवारी, सोमवार

सकाळच्या सरावाआधी बोयचुक धारेच्या खोलीत आला. आमचा कर्णधार. कॅनडातल्या सस्कॅचेवानचा, वय बत्तीस, केटल हार्बरच्या या संघात कुणाहीपेक्षा जुना. नऊ वर्षं तो एकाच मापाची धार लावून घेतो आणि एकच वाक्य बोलतो, "नेहमीसारखी." आज स्केट काउंटरवर ठेवून म्हणाला, "माझी झाली की लॉर्नची पण घे."

"कोण लॉर्न?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो हसला. "बरं कांगस, त्याला सांगतो तू विचारलंस म्हणून. रागावेल तो." संघात सगळे मला आडनावानेच हाक मारतात.

आमच्या संघात लॉर्न नाही. कधी नव्हता. ड्रेसिंग रूममध्ये बोयचुकच्या शेजारचा बावीस नंबरचा कप्पा डिसेंबरपासून रिकामा आहे, कारण तिथला प्रुइट वरच्या लीगमध्ये गेला. सरावानंतर पाहिलं तर त्या रिकाम्या बाकावर काठीला गुंडाळायच्या पट्टीचं नवं रीळ ठेवलेलं होतं.

कर्बीला सांगितलं. तो म्हणाला, "चाचणीत पास आहे तो. सप्टेंबरपेक्षा एक गुण जास्तच मिळाला."

सप्टेंबरमध्ये सगळ्यांची ती चाचणी होते. शब्द लक्षात ठेवा, महिने उलटे म्हणा. पुढे डोक्याला मार लागला तर तुलना करायला तेच गुण वापरतात. त्या दिवशी बोयचुक नव्या पोरांना शिकवत होता, "आज जमेल तेवढं गाढव व्हा रे. म्हणजे जानेवारीत शहाणे ठराल." स्वतः त्याने ऑक्टोबरनंतर एकदम एप्रिल म्हटलं होतं. सगळे हसले होते. कर्बीही तिथेच होता.

"डॉक्टरकडे जाऊन ये," मी बोयचुकला म्हटलं.

"डार्लीन म्हणाली तर जाईन."

डार्लीन त्याची थोरली बहीण, नर्स आहे. "जगात मी त्या एकाच बाईला घाबरतो," असं तो सगळ्यांना सांगतो.

१२ जानेवारी, शुक्रवार

जिंकलो.

१३ जानेवारी, शनिवार

आजही जिंकलो. लागोपाठचे विजय कुणी मोजत नाही. म्हणजे प्रत्येक जण मोजतो, पण तोंडाने आकडा काढत नाही. विजय चालू असताना काही बदलायचंही नसतं. मार्तेलने आतली बनियन धुवायला द्यायचं बंद केलं आहे. ती हुकाला लावली की सरळ उभी राहते. कोच लिंडग्रेन मोहरीच्या सॉसचा डाग पडलेला तोच तपकिरी टाय बांधतात. मागच्या वर्षी आम्ही तळाला होतो, म्हणून या गोष्टी हसण्यावारी कुणी नेत नाही.

सामन्याआधी बोयचुक माझ्याकडे आला. "लॉर्नला जर्सी का दिली नाहीस? थंडी वाजते त्याला."

मार्तेलने मला बाजूला घेतलं.

"दे ना एक जर्सी."

"कुणाला देऊ?"

"कप्प्याला दे. तुझं काय जातं?"

"मार्तेल, तिथे कुणी नाहीये."

"मला दिसतं गं. मी गोलकीपर आहे, आंधळा नाही. गेल्या शनिवारी, तिथे पट्टीचं रीळ ठेवायच्या आधी, हाच माणूस झोकांड्या खात होता. काल त्याने दोन गोल मारले. तू पदविकावाली ना? मग कर हिशेब."

मी बावीस नंबरची कोरी जर्सी टांगली. स्केटही हवेत, बोयचुक म्हणाला. माप विचारलं तर बोयचुक विचार न करता बोलला, "साडेनऊ." कपाटात साडेनऊचा एक नवा जोड पडून होता. पाती बसवली, धार लावली आणि ठेवला. बोयचुकचं स्वतःचं माप आठ आहे. संघात साडेनऊ कुणालाच होत नाही.

मी हे का केलं, याचं कारण लिहायचा दोनदा प्रयत्न केला. जर्सी टांगल्यावर खोली शांत झाली, एवढंच लिहिता येतं.

१६ जानेवारी, मंगळवार

निरीक्षणं: बोयचुकने सरावाला अर्धे दिवे बंद करायला लावले, उजेड डोळ्यांना टोचतो म्हणाला. आतही टोपी डोळ्यांवर ओढून बसतो. धारेच्या खोलीची वाट त्याने मला विचारली. त्याला आता घरून मार्तेल गाडीत आणतो आणि सोडतो. खेळतो मात्र कधी नव्हता इतका छान. न पाहता मागे पास देतो, जणू तिथे कुणी उभं आहे. आणि नेमका आमचा कुणीतरी तिथे पोचतो.

आणखी एक. बर्फावर उतरायच्या आधी दारात थांबून तो काठीच्या टोकाने बर्फ ठोकतो. तीनदा ठोकतो, कान देतो आणि मग पाय टाकतो.

१९ जानेवारी, शुक्रवार

जिंकलो. आज सगळ्यांनी ठोकलं. बोयचुकमागे एकेक जण दारात थांबला, तीनदा ठोकून उतरला. बाहेर पडताना प्रत्येकाने बावीस नंबरच्या जर्सीला हातमोज्याने थापटलं. प्रेक्षकांना हा नवा रिवाज वाटला. शेवटच्या सत्रात सगळी गॅलरी पाय आपटत होती, तीनदा, मग गप्प, मग पुन्हा तीनदा. पाय आपटण्यापेक्षा मधलं गप्प राहणं जास्त ऐकू येत होतं.

ते ठोकणं मला ओळखीचं वाटत होतं. घरी येताना आठवलं. माझे बाबा मासे धरायला गोठलेल्या सुपीरियर सरोवरावर जात तेव्हा लोखंडी पहार तशीच आपटत पुढे सरकायचे. आवाजावरून बर्फाची जाडी कळते, आमच्याकडे लहान मुलांनाही शिकवतात ते. पण रिंकच्या बर्फाखाली काँक्रीट आहे. ठोकून कळणार काय?

२० जानेवारी, शनिवार

जिंकलो.

सामन्याआधी पाती तपासताना बावीसच्या कप्प्यातले स्केट उचलले. पाती गंजली होती.

ती स्टेनलेस आहेत. रिंकच्या पाण्याने त्यांना आठवड्यात काही होत नाही. आमच्या बाकीच्या सगळ्या जोड्या ओल्या पिशव्यांत पडून असतात आणि स्वच्छ असतात. हा गंज वरवरचा नव्हता. बारीक खड्डे पडले होते, जसे साचलेल्या पाण्यात, हवा न लागता, धातू फार काळ राहिला तर पडतात. बुटाच्या आत चिखलाचा वास होता. बाक कोरडा होता.

शक्यता: पाती सदोष निघाली. त्याच खोक्यातली दुसरी जोडी काढून पाहिली. ठीक आहे.

घासून, धार लावून परत ठेवले. बोयचुक माझ्या मागेच उभा होता. "काळजी घेतेस त्याची," म्हणाला. "तो सांगत होता."

२३ जानेवारी, मंगळवार

कोचच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं.

"बोयचुकला खेळवू नका. त्याला डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवा."

"कर्बीने पास केलंय त्याला."

"कोच, तो रिकाम्या कप्प्याशी बोलतो."

"माझी बायको मांजराशी बोलते."

"मांजर असतं ना पण तिथे!"

ते हसले नाहीत. टायवरचा डाग नखाने खरवडायला लागले आणि मध्येच थांबले. डाग जायला नको होता. "हे बघ पोरी, तू हुशार आहेस. तुझ्याइतकी चांगली धार या लीगमध्ये कुणाची नाही. ही गाडी कशामुळे चाललीय ते मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. म्हणून कशालाही हात लावायचा नाही. विजय संपले की मी स्वतः त्याला घेऊन जाईन. पहिल्या पराभवाच्या दुसऱ्या दिवशी. शब्द देतो."

"आणि हरलोच नाही तर?"

अपशकुन टळावा म्हणून त्यांनी पटकन टेबलाचं लाकूड ठोकलं. तीनदा. आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण नंतर ते हाताकडे बघत बसले.

बाहेर आल्यावर वाटेत बावीसच्या कप्प्यात पाण्याची बाटली दिसली नाही, म्हणून भरून ठेवली. नंतर माझ्या लक्षात आलं की मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

२६ जानेवारी, शुक्रवार

जे पाहिलं तेवढंच लिहिते.

शेवटची दोन मिनिटं. आम्ही एका गोलने पुढे. पक आमच्या टोकाला. बोयचुकने आपला माणूस सोडला आणि डाव्या कोपऱ्याकडे गेला, जिथे कुणीच नव्हतं. वेग कमी केला. गुडघ्यांवर आला, मग पोटावर. पाय फाकवले, अंग सपाट केलं आणि काठी दोन्ही हातांनी उलटी धरून, मूठ पुढे, जमेल तेवढी लांब सरकवली. तसाच इंच-इंच पुढे सरकला. तो काहीतरी बोलत होता, मला बाकावरून त्याचे ओठ दिसत होते.

पाहुण्यांनी गोलकडे फटका मारला. मार्तेल चुकीच्या बाजूला होता. पक बोयचुकच्या पसरलेल्या पायाला लागून बाहेर गेला.

गॅलरी उभी राहिली. गेल्या कित्येक वर्षांत एवढा आवाज या छताखाली झाला नसेल. सगळे त्याच्या अंगावर कोसळले. तो उठत नव्हता. काठी तशीच पुढे धरून होता.

बाकावर आल्यावर मी त्याला पाणी दिलं. हातमोजे ओले होते, ते असतातच. पण पाणी बाह्यांतून कोपरापर्यंत चढलं होतं.

"धरली होती त्याने," तो म्हणाला. "काठी धरली होती, कांगस. मग सुटली."

"कुणी?"

"तू बघत होतीस ना?"

मी बघत होते. कोपऱ्यात बर्फावर काही नव्हतं.

२७ जानेवारी, शनिवार

जिंकलो. सामन्यात आपण काय केलं ते बोयचुकला नंतर आठवत नव्हतं. तो बाथरूममध्ये उलटी करत होता तेव्हा मार्तेल त्याचं डोकं धरून होता. एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी आहे. मी कर्बीला दाखवलं. कर्बी म्हणाला, "उजेडामुळे असेल," आणि दिवा बंद केला.

जाताना बोयचुक माझ्यापाशी थांबला. चेहरा अगदी लहान मुलासारखा झाला होता. "वर आला का गं तो?"

मला खोटं बोलता येत नाही. खरं काय ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "घरी जाऊन झोप."

सगळे गेल्यावर त्याच्या स्केटची दोन्ही पाती खोलून काढली. त्याच्या मापाच्या जादाच्या जोड्याही काढल्या. हे माझ्या अधिकारात येतं, सामान माझ्या ताब्यात असतं. पात्यांशिवाय कुणी खेळत नाही. नवी मागवली तरी शुक्रवारच्या आत येत नाहीत आणि दुसऱ्याचे स्केट घालणं त्यांच्यात चालत नाही.

मग बावीसच्या कप्प्यातल्या स्केटचीही काढली. का, ते माहीत नाही. एकाचीच काढली असती तर ते अर्धवट झालं असतं. सगळी पुसून, तेल लावून, कोरड्या फडक्यात गुंडाळून माझ्या हत्यारपेटीत ठेवली. कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात आहे. पेटी घरी आणली.

२८ जानेवारी, रविवार

दुपारी मार्तेल घरी आला. मी कॉफी दिली. आईने पाठवलेला वेलचीचा पाव पुढे ठेवला. त्याने हात लावला नाही.

"पाती तू काढलीस?"

"हो."

"कांगस, डोकं फिरलंय का तुझं? शुक्रवारी…"

"त्याला दुसरा मार लागला तर तो मरू शकतो. ही अतिशयोक्ती नाही. मी वाचलंय."

"मी पण वाचलंय!" तो ओरडला. मग आवाज खाली आला. "मी त्याला रोज घरी सोडतो. तो माझ्या शेजारी बसत नाही, मागे बसतो. पुढची सीट रिकामी ठेवतो. मला काही कळत नाही असं वाटतं तुला?"

"मग बोलला का नाहीस?"

त्याने कप बाजूला सरकवला. "आम्ही सगळे ठोकतो ना, दारात. तीनदा. सगळे उतरतात आणि मी जाळीत उभा राहतो." त्याने टेबलावर हाताच्या बोटांनी ठोकलं, अगदी हळू. "तेव्हा उत्तर येतं. खालून. मला पायांत लागतं ते."

"खाली काँक्रीट आहे. त्यात थंडाव्याचे पाइप आहेत. पाइप आकसले की आवाज होतो."

"माहितीये गं मला पाइप."

"मग?"

"पाइप तीनदाच कसे आकसतात?"

उठताना तो म्हणाला, "पाती देऊ नकोस. मी मागितली तरी देऊ नकोस. शुक्रवारी मी मागीन." दारात थांबून त्याने उंबरठ्याला पाय लावायच्या आधी हात उचलला आणि मग तो खिशात घातला.

२९ जानेवारी, सोमवार

सकाळी पेटी उघडली. कुलूप जसंच्या तसं. फडकं कोरडं. बोयचुकची पाती मी ठेवली तशीच, तेल लावलेली. दुसरी दोन गंजली आहेत. खड्डे आधीपेक्षा खोल आहेत.

यावर माझ्याकडे मत नाही.

बोयचुकच्या बहिणीचा ईमेल-पत्ता त्याच्या सामानाच्या पिशवीवरच्या चिठ्ठीत आहे, अपघात झाल्यास कळवण्यासाठी. तिला पाठवलेलं पत्र इथे उतरवून ठेवते.

"श्रीमती डार्लीन बोयचुक यांस,

मी सेन्या कांगस. तुमचा भाऊ टेरी ज्या संघात खेळतो, तिथलं सामान मी सांभाळते. मी डॉक्टर नाही.

सहा जानेवारीला टेरीच्या डोक्याला जोराचा मार लागला. हेल्मेट तडकलं, ते मी जपून ठेवलं आहे. तेव्हापासून त्याला उजेड सोसत नाही, रोजच्या वाटा आठवत नाहीत, परवा उलटी झाली आणि एक बाहुली मोठी आहे. तो चाचणीत पास झाला, कारण सप्टेंबरमध्ये सगळे जण मुद्दाम चुका करतात. तरीही तो खेळतो आहे. इथे कुणी त्याला थांबवणार नाही. आम्ही सलग सात सामने जिंकलो आहोत. हा आकडा इथे कुणी उच्चारत नाही आणि मीही आज पहिल्यांदाच लिहिते आहे. विजय चालू असताना काही बदलायचं नाही, म्हणून सगळे गप्प आहेत. मीही तीन आठवडे संघाबाहेर कुणाशी बोलले नाही.

त्याची पाती मी काढून ठेवली आहेत. ती शुक्रवारच्या सामन्यापर्यंत माझ्याकडे राहतील. त्यानंतर मला कामावरून काढतील आणि पाती दुसरं कुणी बसवेल. तुम्ही म्हणालात तर डॉक्टरकडे जाईन, असं तो मला म्हणाला होता. कृपया या किंवा त्याला फोन करा.

दुसरी गोष्ट. तो लॉर्न नावाच्या कुणाशी बोलतो. त्याच्यासाठी आम्ही जर्सी आणि साडेनऊचे स्केट ठेवले आहेत. शुक्रवारी टेरीने, बर्फ फुटून पाण्यात पडलेल्या माणसाला वाचवताना करतात तसं, बर्फावर पालथं पडून त्याच्यापुढे काठी धरली. लॉर्न कोण, हे तुम्हाला माहीत असेल तर लिहा. तो पाण्याजवळ राहायचा का, हेही लिहा. विचारण्याचं कारण धातूशी संबंधित आहे. ते मला नीट मांडता येत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सामना आहे. दोघांच्याही पात्यांचं काय करायचं, ते मला त्याआधी ठरवावं लागेल. कृपया गुरुवार, १ फेब्रुवारी, दुपारपर्यंत उत्तर द्यावं."